एक ठोका म्हणजे ‘येतो’

१

संध्याकाळी सहाला घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि सव्वासहाला कोठीच्या खोलीत शिरायचं, हा माझा चार वर्षांचा नेम होता. बायको म्हणायची, “नोकरीवर कधी इतके वेळेवर गेला नाहीत.” खरं होतं ते. दिवसभर मी चष्म्याच्या काचा घासतो. नंबर डॉक्टरांचा, फ्रेम दुकानाची, डोळे गिऱ्हाइकाचे. माझं त्यात काय, तर घासणं. लाकडाचं तसं नव्हतं. लाकडाचं जे काही बरंवाईट व्हायचं ते माझ्याच हातून.

कोठी म्हणजे स्वयंपाकघरामागची सात फूट बाय नऊ फुटांची खोली. वर एक झरोका, त्यातून मांजरसुद्धा अंग चोरूनच आत येईल. मधली भिंत विटांची नव्हे, जाड फळ्यांची. दार एकच, तेही स्वयंपाकघरात उघडणारं, आणि कोठीच्या दाराला असते तशी कडी बाहेरून. माझं कामाचं बाकडं मी त्याच फळ्यांच्या भिंतीला चार बोल्टांनी जखडून टाकलं होतं, रंधा मारताना हलू नये म्हणून.

त्या भिंतीवर आमच्या दोघांची एक खूण ठरलेली होती. चहा झाला की ती पलीकडून दोनदा ठोकायची. मी आतून एकदा ठोकायचो. एक ठोका म्हणजे ‘येतो’. आता नवऱ्याच्या ‘येतो’ला किती अर्थ असतो ते कुठल्याही बायकोला विचारा. मी ठोकायचो आणि विसरायचो. तासाभरानं बाहेर यावं तर कपावर बशी झाकलेली, आत चहावर साय धरलेली. सुरुवातीला ती बोलायची. मग बोलेनाशी झाली. मला वाटलं, चला, सवय झाली एकदाची.

“तुम्ही उशिरा येता त्या दिवशी कोठीतून कसले कसले आवाज येतात हो,” एवढं मात्र अधूनमधून म्हणायची. “कुणीतरी असल्यासारखे.”

“लाकूड आहे. वाळताना तडकतं,” मी मान वर न करता सांगायचो. हे वाक्य मी तिला शंभरदा तरी ऐकवलं असेल.

२

लग्नाला पंचवीस वर्षं व्हायची होती. मागे एकदा वाद्यांच्या दुकानाच्या काचेसमोर ती थांबली होती. आत एक इवलंसं, गिटारीच्या पिल्लासारखं, चार तारांचं युकुलेले टांगलेलं होतं. “हे मला जमेल का हो?” असं तिनं विचारलं होतं. लग्नाआधी ती छान गायची. मी तेव्हा ‘हूं’ म्हणालो होतो, पण लक्षात ठेवलं होतं. म्हटलं, आपणच बनवू. आणि बनवायचंच तर विजेवरचं बनवू.

विजेवरचं का, तर त्याला पोकळ पोट नसतं. भरीव लाकूड. तार छेडली तर डास गुणगुणल्याइतका आवाज, बाकी सगळं वायरीतून. कानाला हेडफोन लावला की वाजवणाऱ्यालाच ऐकू जातं. म्हणजे ती तिकडे वाजवत बसेल आणि मला कोठीत त्रास होणार नाही. इतका व्यवहारी विचार करून मी प्रेमाची भेट बनवायला घेतली.

भरीव अंगासाठी चांगलं मुरलेलं लाकूड हवं. ते घरातच होतं. स्वयंपाकघरात आमचं दोघांचं जेवायचं टेबल होतं, सागवानी, संसारातली पहिली वस्तू. मी विचार केला, मी जेवतो बातम्या बघत, ही ग्रंथालयात नोकरीला, ती जेवते पुस्तक वाचत. टेबलावर नुसता कोथिंबिरीचा पसारा. एका रविवारी मी त्याचे पाय सोडवले.

“मग मी बसू कुठे?” तिनं विचारलं.

“ओटा आहे की. स्टूल आहे.”

तिनं कोथिंबीर उचलून ओट्यावर ठेवली. मग “बरं,” म्हणाली. भांडली असती तर मी कदाचित थांबलो असतो.

टेबलाच्या फळीवर एका जागी पांढुरकं वर्तुळ होतं. पंचवीस वर्षं ती तिचा कप तिथंच ठेवायची. नेमकं ते वर्तुळ युकुलेलेच्या पाठीवर येत होतं. मी रंधा मारून दीड मिलीमीटर लाकूड काढलं, वर पॉलिश पेपर फिरवला, दिव्याखाली तिरकं धरून बघितलं. नामोनिशाण नव्हतं. काचा घासणारा माणूस आहे मी, मला डाग दिसत नाही असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला कोठीत गेलो तर वर्तुळ परत तिथंच. बोट लावलं. ओलं होतं, आणि किंचित कोमट.

मी ते फडक्यानं पुसलं आणि कामाला लागलो. लाकडात मुरलेलं तेल वर आलं असेल, असं मनाशी म्हटल्याचं आठवतं.

३

तारांचा आवाज वायरीत उतरवणारा पिकअप मी रेडिओवाल्याकडून आणला. आमच्या दुकानाच्या गल्लीतच त्याची टपरीएवढी जागा. जुने रेडिओ दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकापेक्षा यंत्रांशी जास्त बोलतो. त्यानं माझ्या तळहातावर नखाएवढी पितळी चकती ठेवली, तिला दोन बारीक वायरी.

“हा एवढासा?” मी म्हटलं.

“एवढासा म्हणू नका साहेब. घोडीच्या खाली चिकटवा, ज्यावर तारा टेकतात ना, तिच्याखाली. आणि एक ध्यानात ठेवा. हा माइक नाही. हा हवा ऐकत नाही. तुम्ही याच्यासमोर गळा फाडून ओरडलात तरी याला पत्ता नाही. हा लाकूड ऐकतो. लाकडातून जे जाईल ते.”

“म्हणजे बायकोची बोलणी ऐकू येणार नाहीत.”

“त्यासाठी पिकअप कशाला लागतो?” म्हणून तो खो खो हसला. आवाज वाढवणारा एक छोटा अँप आणि जुना हेडफोनही त्यानं दिला.

त्याच संध्याकाळी चकतीसाठी खाच पाडताना पटाशी सटकली आणि डाव्या अंगठ्यात शिरली. बऱ्यापैकी खोल. बाहेर जाऊन दाखवलं असतं तर तिनं हळद-मलम, डॉक्टर, इंजेक्शन असं सगळं काढलं असतं आणि माझी संध्याकाळ गेली असती. वायरींना लावायची काळी चिकटपट्टी अंगठ्याभोवती घट्ट गुंडाळली आणि खाच पुरी केली. तिला मी सांगितलं नाही. पलीकडून दोन ठोके आले, मी उजव्या हातानं एक ठोका दिला.

४

तारा लावायच्या आधी पिकअप तपासायचा होता. युकुलेलेचं अंग बाकड्यावर शिकंज्यात आवळलं, अँप लावला, हेडफोन घातला आणि लाकडावर नखानं खाजवलं. कानात खरखर झाली. झकास. मी हात काढून घेतला.

तरी आवाज येतच होते.

आधी भांड्यांचा. मग नळाचा. मला हसू आलं. बाकडं भिंतीला जखडलेलं, भिंत स्वयंपाकघराची. लाकडातून जे जाईल ते चकतीला कळणारच. चांगलंच सरळ शास्त्र होतं. मी बसून गंमत ऐकू लागलो. पंचवीस वर्षांच्या संसारात बायको एकटी असताना काय करते ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तिनं कप ठेवला. मग दुसरा कप ठेवला.

मला काहीतरी खटकलं. काय ते कळायला दोन-तीन श्वास गेले. आमचा ओटा दगडाचा आहे. दगडावर कप ठेवला की टण्णकन वाजतो. हा आवाज बसका होता. कप लाकडावर ठेवल्यासारखा.

मग खुर्ची सरकली. समोरची दुसरी खुर्ची सरकली. ती हसली. मोकळं, पोटातून, मधेच श्वास घेऊन पुन्हा. हे हसणं मी शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवेना. आणि मग एक पुरुषी आवाज घुमला. शब्द कळले नाहीत. तिचे कळले.

“चल रे, काहीतरीच तुझं.”

मी हेडफोन फेकून दार उघडलं. ती ओट्यापाशी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. एकटी. माझ्याकडे बघून म्हणाली, “काय झालं? घाबरल्यासारखे काय?”

भांडी घासायच्या जागी दोन कप उपडे घातलेले होते. त्यांचं पाणी अजून निथळत होतं.

“दोन कप?” मी विचारलं.

“मग? चहा दोघांचा नको?” म्हणून तिनं पुढची शेंग घेतली.

५

त्यानंतरचे आठ दिवस मी माणसात नव्हतो. नाकासमोर बघून चालणारा माणूस मी. कुणाच्या घरात डोकावलो नाही, कुणाच्या भानगडीत पडलो नाही, आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्यापासून दीड इंचाच्या फळीपलीकडे कुणीतरी रोज चहा पिऊन जातो? आणि त्याला ती ‘अरे’ म्हणते? मलाही म्हणायची, पहिली दोन वर्षं. मग माझी आई आमच्याकडे राहायला आली आणि ‘अरे’चं ‘अहो’ झालं. आई जाऊन बारा वर्षं झाली, ‘अहो’ तसंच राहिलं. मी कधी म्हटलं नाही की बदल.

रोज ऐकायचो. रोज दार उघडायचो. रोज ती एकटी. पुढच्या दाराला आतून कडी, खिडक्यांना गज. पलंगाखालीसुद्धा बघितलं, हे सांगायला लाज वाटते. दारूगांजाची सवय नाही, डोकं ठिकाणावर आहे, कान मागच्याच वर्षी तपासलेत. मग काय उरतं? तिचाच काहीतरी डाव. फोनवर कुणाशी बोलत असेल. पण फोनवरचा माणूस खुर्ची सरकवत नाही.

रविवारी सकाळी परगावच्या लेकीचा फोन आला.

“बाबा, काल काय मूडमध्ये होतात! आई आणि मी हसून हसून मेलो. ते बसच्या कंडक्टरचं परत सांगा ना.”

“काल? काल मी कुठे बोललो तुझ्याशी?”

“बाबा, पुरे. व्हिडिओवर होतात की अर्धा तास. आईच्या खांद्यावर हात टाकून बसला होतात. मी म्हटलंसुद्धा, अरे वा, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.” मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, “खरं सांगू? बरं वाटलं बघून. आई फार एकटी पडली होती हो.”

काल संध्याकाळी मी युकुलेलेच्या मानेवर फ्रेटच्या, म्हणजे बोटं दाबायच्या, पट्ट्या ठोकत होतो. सव्वासहा ते साडेआठ. सतरा पट्ट्या, प्रत्येकीचं माप कंपासनं घेऊन. मी “हो, हो” म्हणून फोन बायकोला दिला.

६

पुरावा पाहिजे होता. हेडफोनच्या जागी मोबाईलला वायर लावून दोन संध्याकाळी सगळं टिपून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी रेडिओवाल्याकडे गेलो. कारण काय सांगावं हे रस्ताभर ठरवत होतो. शेवटी म्हटलं, “ह्यातला पुरुषाचा आवाज जरा स्वच्छ करून दे. ओळखीचा वाटतोय, पण कुणाचा ते लक्षात येत नाही.”

त्यानं कुठलीशी बटणं फिरवली. घरघर गेली. आवाज उघडा झाला.

“गुडघा कसा आहे आज?” तो माणूस विचारत होता.

“चढताना दुखतो. उतरताना जास्त,” माझी बायको म्हणाली.

“उद्या ग्रंथालयात रजा टाक. आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ.”

“तू येशील?”

“येतो म्हटलं ना.”

तिचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. त्या परक्या माणसाला माहीत होतं.

रेडिओवाल्यानं कानावरचा हेडफोन काढला आणि माझ्याकडे मिश्किलपणे बघितलं. “साहेब, चेष्टा करता का गरिबाची?”

“कुणाचाय ते ओळखतोस?”

“अहो, तुमचाच आहे की! स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की कुणालाच ओळखू येत नाही. मी माझा पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हटलं, हा कोण बेडूक?” तो हसत होता. मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि मोबाईल परत दिला.

७

त्या दिवशी मी कोठीत गेलोच नाही. स्वयंपाकघरात स्टुलावर जाऊन बसलो. ती चकित झाली.

“आज काम नाही?”

“तुझा गुडघा दुखतो.”

“अहो, काल डॉक्टरकडे नाही का जाऊन आलो आपण?” तिनं ओट्यावरची गोळ्यांची पुडी दाखवली.

काल मी दुकानात होतो. काल माझ्या हातून एकशेचार काचा गेल्या होत्या.

“माझ्याकडे नीट बघ,” मी म्हणालो. “मी तुझ्याबरोबर कुठेही आलो नाही. इथे बसून चहा प्यायलो नाही. लेकीशी बोललो नाही. रोज कोण येतं इथे?”

ती हसेल, रडेल, चिडेल, यातलं काहीतरी करेल असं वाटलं होतं. तिनं गॅस बारीक केला आणि फडक्याला हात पुसले.

“तुम्हीच येता. मी दोनदा ठोकते, तुम्ही एकदा ठोकता आणि दार उघडून येता. इतकी वर्षं नुसतं ठोकत होता. टेबल मोडलंत त्या दिवसापासून यायला लागलात. मी काही विचारलं नाही. म्हटलं, उशिरा का होईना, वाटलं असेल काही.”

“आणि अरे-तुरे?”

“तुम्हीच म्हणालात की, चहाला बसलो की पूर्वीसारखं म्हण.” तिचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं. तिनं माझा हात धरला आणि अंगठ्यावरची काळी, मळकी चिकटपट्टी उलटसुलट करून बघितली. “हे काय? मी बांधलेली पट्टी कुठे गेली?”

“तू कधी बांधलीस?”

माझा हात तिनं सोडला. ओढून घेतला नाही, नुसता सोडला, आणि एक पाऊल मागे सरकली. पंचवीस वर्षांत तिनं माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. पाहुणा फार वेळ बसला की आपण जसं बघतो, तसं ती बघत होती.

८

पुढच्या रविवारी दुपारी युकुलेले पूर्ण झालं. चार खुंट्या, चार तारा, सागाचा मधाळ रंग. पाठीवरचं वर्तुळ मी शेवटी तसंच राहू दिलं होतं. खोटं कशाला सांगू, इतकं सुबक काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. वाटलं, हे तिच्या हातात ठेवलं की सगळं मिटेल. मी बोलेन, ती बोलेल, स्टुलाशेजारी दुसरं स्टूल ठेवीन. टेबलसुद्धा नवीन करून देईन, चांगलं मोठं.

सूर लावून ते बाकड्यावर ठेवलं. हेडफोन कानावर होता. चार वाजले असतील. झरोक्यातून लख्ख ऊन येत होतं.

पलीकडून दोन ठोके आले.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. हलवले नाहीत. श्वाससुद्धा रोखून धरला. बघू तरी.

माझ्या पुढ्यातल्या लाकडातून एक ठोका उमटला. घट्ट, पुरुषी, मी देतो तसाच. चारही तारा किंचित थरथरल्या. मग कानात पावलं. माझीच चाल, उजवा पाय जरा घासत टाकायची. ती माझ्या बाकड्यापासून निघाली आणि दाराकडे गेली. मी ताडकन मान वळवली. उजव्या हाताला दार होतं. मी ते लावून घेतलं होतं. आता ते चार बोटं उघडं होतं.

मी उठून फटीला डोळा लावला.

टेबल होतं. आमचंच, जागच्या जागी, चारही पायांवर. त्यावर दोन कप. अलीकडे कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं. दाराच्या कडेआड असल्यामुळे मला खांदा आणि डावा हात तेवढा दिसला. हात टेबलावर तिच्या हाताशेजारी होता. अंगठ्याला पांढरी स्वच्छ पट्टी होती आणि तिची गाठ बायकोच्या हातची, दोन कान काढलेली. लेक लहान असताना तिच्या गुडघ्याला बांधायची तशी.

बायको समोर होती. तोंड दाराकडे.

तिनं मला बघितलं. चुकून नव्हे. तिची नजर त्या फटीवर आली, माझ्या डोळ्यावर थांबली आणि तिथं राहिली. तिला कळलं. दोघं आहोत, हे तिला त्या घटकेला अगदी स्वच्छ कळलं. मी तिचा चेहरा पंचवीस वर्षं ओळखतो. ती किंचाळेल म्हणून मी वाट बघत राहिलो.

तिनं नजर काढून घेतली आणि समोरच्या कपात चहा ओतला.

९

मग ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश दाराशी आली. मला वाटलं, आली. शेवटी माझ्याकडेच आली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

“अहो,” ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. “झालं का ते?”

“झालं. तुझ्यासाठीच केलंय.”

“माहीत आहे. द्या.”

मी वायर काढली आणि युकुलेले फटीतून तिच्या दोन्ही हातांत दिलं. तिनं त्याच्या पाठीवरून तळहात फिरवला, वर्तुळावर थांबवला. “छान झालंय हो,” म्हणाली. मनापासून म्हणाली, आणि हेच मला अजून सहन होत नाही.

मग तिनं दार लोटलं. बाहेरून कडी सरकली. हळूच, आवाज होऊ नये अशी काळजी घेऊन.

मी काय बोलू? परक्या माणसाबरोबर गेली असती तर चारचौघांत सांगता आलं असतं, शिव्या देता आल्या असत्या. माझ्या बायकोनं माझ्याच हातून भेट घेतली आणि माझ्याच देखत केसानं माझा गळा कापला. आणि कुणासाठी म्हणून विचाराल तर नाव माझंच सांगावं लागेल.

वायरीचं टोक बाकड्यावर मोकळं पडलं होतं. कशालाही जोडलेलं नव्हतं. अँपचा लाल दिवा तेवढा लागलेला होता. तरी मी हेडफोन कानाला लावला.

चार तारांवरून कुणीतरी अंगठा फिरवला. पट्टी बांधलेला, म्हणून जरा दबका. मग सूर धरला. मला वाजवता येत नाही, मी फक्त बनवतो. त्याला येत होतं. दोन ओळी झाल्यावर ती गायला लागली. आवाज थोडा चिरकत होता, मग लागला. लग्नाआधी गायची तसा लागला.

मी मूठ आवळली आणि फळीवर ठोकलं. दोनदा. तिची खूण.

गाणं थांबलं. मी कपाळ फळीला टेकवून उभा राहिलो. एका ठोक्याची वाट बघत होतो, एकाच.

“काय वाजलं रे?” तिनं विचारलं.

“काही नाही गं,” माझा आवाज मान वर न करता म्हणाला. “लाकूड आहे. वाळताना तडकतं.”